कार्यालयीन ई-मेलची बारनिशी व दफ्तर

मराठेशाहीतील अनेक सनदा व पत्रे यांच्या अखेरीस ‘बार’ असा एक त्रोटक शेरा आढळतो. कागद बारनिशीत नोंदला गेला, याची ती खूण होय. हा शेरा पत्र पाठविणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या मर्जीचा भाग नसे. कागद ज्या दारातून बाहेर पडे त्या दारावरील कारकुनाचे ते काम असे. महाराष्ट्रातील शासकीय कचेऱ्यांत आवक-जावक पत्रांच्या नोंदीला आजही बारनिशी हेच नाव आहे. नोंदलेले कागद पुढे रुमालात बांधून जेथे ठेवावयाचे, ते दफ्तर. ही दोन कामे परस्परांस पूरक असली तरी एक नव्हेत. पहिले काम घडलेल्या गोष्टीची तत्क्षणी नोंद घेण्याचे, दुसरे त्या नोंदीचे दीर्घकाल जतन करण्याचे. कंपन्यांच्या ई-मेल व्यवस्थेत जर्नलिंग आणि अर्काइव्हिंग अशी जी दोन नावे रूढ झाली आहेत, त्यांतील भेद नेमका हाच आहे. तो न ओळखल्यामुळे पुष्कळ ठिकाणी रात्रीच्या बॅकअपलाच दफ्तर समजण्यात येते, आणि ही समजूत चुकीची होती हे बहुधा एखादा वाद न्यायालयात गेल्यावरच उमगते.

ई-मेलची एक प्रत पाठविणाऱ्याच्या ‘पाठविलेले’ या कप्प्यात राहते व दुसरी घेणाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये पडते. वाटेत सर्व्हरच्या रांगेतही ती काही क्षण असते. परंतु ती पोचती होताच रांगेतून काढून टाकली जाते. मागे उरणाऱ्या दोन्ही प्रती व्यक्तींच्या ताब्यातील आहेत. दोघांनीही ती खोडून टाकण्याचे ठरविले, तर त्या पत्राचा कंपनीपुरता मागमूस राहत नाही. बॅकअप हा त्यावरील उपाय नव्हे. रात्री दोन वाजता मेलबॉक्स जसा असेल तसे त्याचे चित्र बॅकअप घेतो. सकाळी दहा वाजता आलेले व सायंकाळी पाच वाजता खोडलेले पत्र त्या चित्रात नसते. सर्व्हर बिघडला असता काम पुन्हा सुरू करणे हा बॅकअपचा हेतू होय, आणि तेवढ्यापुरता तो उत्तम आहे.

न्यूयॉर्क येथील एका खटल्याने ही गोष्ट जितकी स्पष्ट केली, तितकी ती क्वचितच अन्यत्र झाली असेल. यूबीएस वॉरबर्ग या वित्तसंस्थेच्या आशियाई समभाग विक्री विभागात काम करणाऱ्या लॉरा झुबुलाके यांनी ऑगस्ट २००१ मध्ये समान रोजगार संधी आयोगाकडे लिंगभेदाची तक्रार केली. ऑक्टोबरमध्ये त्यांना कामावरून कमी करण्यात आले, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. वरिष्ठांनी आपापसांत पाठविलेल्या ई-मेलमध्ये आपल्या म्हणण्याचा पुरावा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कंपनीने सुमारे १०० पाने ई-मेल सादर केले. उलटपक्षी खुद्द झुबुलाके यांनी जपून ठेवलेल्या ई-मेलचीच सुमारे ४५० पाने भरली. तेव्हा उरलेला पत्रव्यवहार कोठे गेला, हा प्रश्न न्यायालयापुढे आपोआपच उभा राहिला.

वस्तुतः या कंपनीने जर्नलची सोय केलेली होती. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाचा १७ए-४ हा नियम दलाली-संस्थांना व्यवसायविषयक पत्रव्यवहार तीन वर्षे, आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे सहज हाती येईल अशा जागी, ठेवावयास लावतो. १९९७ साली आयोगाने यासाठी विद्युत्-साधनांचा वापर मान्य केला, तेव्हा त्यावर एकदा लिहिलेले पुसता अथवा बदलता येता कामा नये अशी अट घातली. त्यानुसार १९९८ च्या मध्यापासून या कंपनीत नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या ई-मेलची प्रत त्याच क्षणी न पुसता येणाऱ्या प्रकाशीय तबकड्यांवर उतरत असे. व्यापाऱ्याने पत्र तत्काळ खोडले तरी तबकडीवरील प्रत कायम राही. व्यवस्था निर्दोष वाटते. परंतु ती बाहेरच्या दारावर बसविलेली होती. कंपनीबाहेर जाणारी व बाहेरून येणारी पत्रेच तिला दिसत. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे गेलेले पत्र तिच्या दृष्टीस पडत नसे, आणि दाव्याचा सारा भर तर अशाच अंतर्गत पत्रांवर होता.

मग बॅकअपच्या फितींकडे वळणे भाग पडले. रोजच्या फिती २० कामकाजाचे दिवस, साप्ताहिक फिती एक वर्ष व मासिक फिती तीन वर्षे ठेवण्याचा तेथे परिपाठ होता. नमुन्यादाखल पाच फिती वाचल्या असता सुमारे ६०० संबंधित ई-मेल मिळाले. उरलेल्या ७७ फितींच्या पुनर्वाचनाचा व छाननीचा खर्च सुमारे २ लाख ७३ हजार डॉलर येईल असा अंदाज देण्यात आला. न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी फितींच्या पुनर्वाचनाच्या खर्चाचा चौथा हिस्सा वादीवर व उरलेला कंपनीवर टाकला. काही फिती गहाळ झाल्या होत्या; जतन करण्याची सूचना मिळाल्यानंतरही काही कर्मचाऱ्यांनी पत्रे खोडली होती. जुलै २००४ मध्ये न्यायालयाने असे ठरविले की, नष्ट झालेला मजकूर कंपनीस प्रतिकूल होता असे अनुमान काढण्याची मुभा पंचांना राहील. एप्रिल २००५ मध्ये पंचांनी २ कोटी ९३ लाख डॉलरचा निवाडा वादीच्या बाजूने दिला. एका अर्थी या कंपनीपाशी बारनिशीही होती आणि फितींचे भांडारही होते. उणीव एवढीच होती की, बारनिशीचा कारकून चुकीच्या दारावर बसला होता आणि फिती चुकीच्या वेळी भरल्या जात होत्या.

तेव्हा जर्नल कोठे घ्यावयाचे, हा मांडणीतील पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर ई-मेलच्या दळणवळणाच्या रचनेतच आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले आरएफसी ८२१ व डेव्हिड क्रॉकर यांनी सिद्ध केलेले आरएफसी ८२२ ही दोन नियमपत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्याचा विषय पाकीट, दुसऱ्याचा विषय पाकिटातील कागद. (त्यांच्या आजच्या आवृत्त्या आरएफसी ५३२१ व ५३२२ या २००८ सालच्या आहेत.) एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलू लागला की, प्रथम ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने प्रेषक सांगतो आणि नंतर ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने एकेक प्रापक सांगतो, हे झाले पाकीट. त्यानंतर जो मजकूर येतो, त्याच्या माथ्यावरील ‘प्रति’ व ‘प्रत’ या ओळी कागदावरच्या आहेत. टपाल कोणाकडे जावयाचे हे त्या ओळींवरून ठरत नाही. पत्र पोचते होताच पाकीट फेकून दिले जाते. मेलबॉक्समध्ये राहतो तो केवळ कागद.

या भेदाचे गांभीर्य गुप्त प्रतीच्या, म्हणजे बीसीसीच्या, बाबतीत ध्यानात येते. एका कारखान्याच्या खरेदी-अधिकाऱ्याने एका पुरवठादारास दर कळविणारे पत्र पाठविले आणि त्याच पत्राची गुप्त प्रत त्या पुरवठादाराच्या प्रतिस्पर्ध्याला दिली, असे समजू. अधिकाऱ्याचा मेल-प्रोग्राम प्रतिस्पर्ध्याचा पत्ता पाकिटावर लिहितो, कागदावर लिहीत नाही. आता कंपनीने केवळ कागदाची नक्कल ठेवली असेल, तर त्या नकलेत एकच प्रापक दिसेल आणि अधिकारी निर्दोष ठरेल. अथवा याच्या उलट घडेल: गुप्त प्रत पाठविल्याचा खोटा आळ एखाद्या निरपराध कर्मचाऱ्यावर येईल आणि तो खोडून काढण्यास त्याच्यापाशी काही असणार नाही. यास्तव पाकिटासह घेतलेली नोंद हीच खरी बारनिशी होय. पाकिटावाचून घेतलेली केवळ नक्कल ठरते.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये ही गोष्ट पाकीट-जर्नल या रूपाने आली. तेथे दफ्तराकडे जाणाऱ्या नोंदीत मूळ पत्र अविकृत स्वरूपात जोडपत्र म्हणून असते, आणि नोंदीच्या अंगात प्रेषक, विषय, संदेश-क्रमांक व सर्व प्रापक लिहिलेले असतात. गुप्त प्रत कोणास गेली आणि एखाद्या गटाच्या पत्त्याचा विस्तार होऊन पत्र कोणाकोणास पोचले, हेही त्यात येते. ही पद्धत आदर्श म्हणून समोर ठेवण्यास हरकत नाही. परंतु मध्यम आकाराच्या अनेक कंपन्या लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर चालवितात, आणि तेथे ही मांडणी हाताने करावी लागते. म्हणून तिचा विचार थोडा सविस्तर करणे इष्ट ठरेल.

पोस्टफिक्स हा वीत्स वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला व डिसेंबर १९९८ मध्ये खुला केलेला प्रोग्राम. त्यातील ‘क्लीनअप’ नावाचा घटक नवीन येणारे प्रत्येक पत्र रांगेत घालण्यापूर्वी हाताळतो, मग ते बाहेरून आलेले असो वा कंपनीतल्याच एका टेबलावरून निघालेले असो. बारनिशीचा कारकून बसविण्यास हीच जागा योग्य, कारण अंतर्गत व बाह्य असे दोन्ही प्रवाह येथे एकत्र येतात. ‘ऑलवेज-बीसीसी’ ही एक ओळ मांडणीच्या फाइलमध्ये लिहून तिच्यापुढे दफ्तराचा पत्ता दिला की, प्रत्येक नव्या पत्राच्या पाकिटावर तो पत्ता आपोआप चढतो. काम पाच मिनिटांचे आहे, आणि बहुसंख्य ठिकाणी ते येथेच थांबते.

मात्र येथे थांबणे चुकीचे आहे. या ओळीमुळे दफ्तराकडे कागद जातो. पाकिटावरील इतर पत्ते जात नाहीत. गुप्त प्रतीचा वर सांगितलेला प्रश्न जसाच्या तसा राहतो. त्यावर एक तोडगा ‘रिसिपियंट-बीसीसी-मॅप्स’ या तक्त्याचा आहे. त्यात एक सर्वसाधारण नमुना लिहून प्रत्येक प्रापकाचा पत्ता दफ्तराच्या पत्त्यातच अधिक-चिन्हापुढे गुंफता येतो. मग दफ्तराकडे येणाऱ्या प्रतीच्या पत्त्यावरूनच मूळ प्रापक कळतो. पाच प्रापक असतील तर पाच प्रती येतात हा त्यातील तोटा. परंतु दफ्तर-प्रणाली सारख्या मजकुराची पुनरुक्ती टाळणारी असेल तर तो सोसता येतो. दुसरा मार्ग ‘मिल्टर’ या गाळणीचा. ती सर्व्हरचे संभाषण ऐकते, पाकिटावरील पत्ते टिपते व मूळ पत्राभोवती त्यांचे वेष्टन करून दफ्तराकडे धाडते. याखेरीज सर्व्हरच्या लॉगमध्ये रांग-क्रमांकासमोर प्रत्येक प्रापक लिहिलेला असतोच. तेव्हा लॉगही दफ्तराइतकाच काळ जपावा, हे उघड आहे. भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग किमान १८० दिवस ठेवणे आवश्यक केले आहे. पण आठ वर्षे जपलेल्या पत्रांचा लॉग सहा महिन्यांतच पुसला जावा, यात फारसे शहाणपण नाही.

आणखी दोन अडचणी अनुभवास येतात. व्हायरस तपासणारा प्रोग्राम पुष्कळदा रांगेनंतर बसविलेला असतो, म्हणजे पत्र एकदा पोस्टफिक्समध्ये शिरते, तपासणीस जाते व पुन्हा पोस्टफिक्समध्ये येते. दोन्ही वेळा ‘क्लीनअप’ त्यावर दफ्तराचा पत्ता चढवितो आणि प्रत्येक पत्र दोनदा नोंदले जाते. पहिल्या फेरीसाठी ‘रिसीव्ह-ओव्हरराइड-ऑप्शन्स’ या सूचनेत ‘नो-ॲड्रेस-मॅपिंग्ज’ लिहिले असता ही पुनरुक्ती टळते. दुसरी अडचण गटाच्या पत्त्यांची. सर्व्हरच्या उपनाम-तक्त्यात ‘लेखा-विभाग’ असा पत्ता असेल, तर त्याचा विस्तार ‘क्लीनअप’चे काम संपल्यावर होतो आणि अंतर्गत रीतीने पुढे पाठविलेल्या पत्रांवर दफ्तराचा पत्ता पुन्हा चढत नाही; पत्रांचे चक्र सुरू होऊ नये म्हणून तशी योजनाच आहे. परिणामी बारनिशीत ‘लेखा-विभाग’ एवढेच उरते. त्या दिवशी त्या विभागात कोण कोण होते, हे सांगण्यासाठी उपनाम-तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या तारखांसह ठेवाव्या लागतात. दिसण्यास ही बाब क्षुल्लक आहे. परंतु अमुक सूचना अमुक व्यक्तीला पोचली होती की नाही, एवढ्यावरच कित्येक वादांचा निकाल अवलंबून असतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आवृत्ती २.३ पासून पोस्टफिक्स आपोआप जोडलेला दफ्तराचा पत्ता ‘नोटिफाय=नन’ या खुणेसह जोडतो. म्हणजे ती प्रत पोचली नाही तरी मूळ प्रेषकास तसे कळवावयाचे नाही. हा निर्णय रास्त आहे. दफ्तरात पत्र न पोचल्याची सूचना एखाद्या ग्राहकाला जाणे विचित्रच दिसेल. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, दफ्तराचा सर्व्हर बंद पडला तर प्रती रांगेत साचतात, आणि ‘मॅक्सिमल-क्यू-लाइफटाइम’ या मर्यादेनंतर, जी बदलली नसेल तर पाच दिवसांची असते, त्या कोणालाही न कळविता टाकून दिल्या जातात. धनत्रयोदशीच्या रात्री दफ्तराची डिस्क भरली आणि भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी कार्यालय उघडले, तर मधल्या पत्रांची नोंद कायमची गेलेली असेल. प्रत्येक पत्र ज्याच्या त्याला वेळेवर पोचले असेल आणि कोणाचीही तक्रार आलेली नसेल. ही मर्यादा सर्व पत्रांसाठी सरसकट वाढविली तर चुकीच्या पत्त्यांवरील पत्रेही आठवडेच्या आठवडे रांगेत पडून राहतात. म्हणून दफ्तराकडे जाणाऱ्या प्रतींसाठी पोस्टफिक्सची एक स्वतंत्र प्रत चालवून केवळ तिची मर्यादा वाढविणे श्रेयस्कर.

एवढ्यानेही पुरे होत नाही. जुन्या कचेरीत दिवस संपताना जावक बुकातील आकडा व टपालात टाकलेल्या पाकिटांचा आकडा ताडून पाहत. तोच परिपाठ येथे हवा. लॉगमधून दिवसभरात स्वीकारलेल्या पत्रांची संख्या काढावी, दफ्तराकडून त्या दिवशी नोंदलेल्या पत्रांची संख्या घ्यावी, आणि दोहोंतील तफावत एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या नजरेस रोज सकाळी यावी. शिवाय दर तासाला एक ठराविक चाचणी-पत्र सर्व्हरमधून सोडावे व ते दफ्तरात सापडते की नाही हे यंत्राकडूनच तपासून घ्यावे. बहुतेक जर्नल-व्यवस्था बसविल्यानंतर पहिल्या आठवड्यात तपासल्या जातात व त्यानंतर थेट वादाच्या वेळी.

आता दफ्तराकडे वळावयास हरकत नाही. जागेचा हिशेब अवघड नाही. २०० माणसांच्या कंपनीत दरडोई रोज ६० पत्रे व पत्राचे सरासरी आकारमान १०० किलोबाइट धरले, तर दिवसाला १.२ गिगाबाइट होतात. २५० कामकाजाच्या दिवसांचे ३०० गिगाबाइट, आणि आठ वर्षांचे २.४ टेराबाइट. पायलर या मुक्तस्रोत प्रणालीप्रमाणे सारखे जोडपत्र एकदाच ठेवून बाकीचे संकुचित केले असता प्रत्यक्षात याहून कमी जागा लागते. ही प्रणाली पत्रे कूटबद्ध करून ठेवते. तिची किल्ली एका छोट्या फाइलमध्ये असते. ती फाइल नष्ट झाली तर सारे दफ्तर सुरक्षित असूनही कोणालाच वाचता येणार नाही. किल्लीची प्रत अन्यत्र ठेवावी, एवढेच याबाबत सांगणे पुरे.

कागद ठेवण्याची रीत मात्र विचारपूर्वक निवडली पाहिजे. एमबॉक्स या जुन्या पद्धतीत अनेक पत्रे एकाच फाइलमध्ये एकापुढे एक लिहितात, आणि ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ ही नव्या पत्राची सुरुवात समजली जाते. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ या शब्दाने सुरू झाली, तर तिच्या आधी एक कोन-चिन्ह घालण्यात येते. वाचणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. परंतु मजकूर एका अक्षराने बदललेला असतो. पुष्कळ पत्रांवर आज प्रेषक-सर्व्हरची डीकेआयएम ही विद्युत् स्वाक्षरी असते आणि ती मजकुराच्या अक्षर न् अक्षरावर आधारलेली असते. एका कोन-चिन्हाने ती खोटी ठरते. म्हणून प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलमध्ये, आले तसे, ठेवणे हेच योग्य. या स्वाक्षरीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली प्रेषकाच्या डीएनएसमध्ये असते, आणि प्रेषक ती अधूनमधून बदलतो. पाच वर्षांनंतर पडताळणी करू गेल्यास जुनी किल्ली मिळेलच असे नाही. पत्र आले त्याच वेळी पडताळणीचा निष्कर्ष नोंदवून ठेवला, तरच तो पुढे उपयोगी पडतो.

पत्र बदलले गेले नाही हे दाखविण्यास हॅश हे साधन आहे. एसएचए-२५६ या रीतीने कोणत्याही फाइलचा ६४ अक्षरी ठसा काढता येतो. मजकुरातील एक स्वल्पविराम हलला तरी ठसा सर्वस्वी निराळा येतो. प्रत्येक पत्राचा ठसा काढून दिवसाची यादी करावी, त्या यादीच्या शिरोभागी आदल्या दिवसाच्या यादीचा ठसा लिहावा, आणि नव्या यादीचा ठसा काढून तो सर्व्हरची देखभाल करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरील व्यक्तीकडे, उदाहरणार्थ कंपनी-सचिवाकडे, द्यावा. मग मधल्या एखाद्या दिवसाचे पत्र बदलावयाचे झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाची यादी बदलावी लागेल व ती सचिवाजवळील ठशांशी जुळणार नाही. याच्या जोडीला न पुसता येणारे भांडार असेल तर उत्तमच. प्रकाशीय तबकड्यांची जागा आता भाड्याच्या भांडारांतील कुलपाने घेतली आहे. ॲमेझॉनच्या एस-३ या सेवेत २०१८ पासून अशी सोय आहे की, ठरविलेली मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकही फाइल काढू शकत नाही. अमेरिकेतील उपरोक्त नियमातही २०२२ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक फेरफाराचा पूर्ण माग ठेवणारी प्रणाली हा पर्याय मान्य झाला.

जतन केलेले सापडले पाहिजे. आणि मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्या कार्यालयांना येथे ज्या अडचणी येतात, त्यांची चर्चा इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा आढळत नाही. देवनागरीतील विषय-ओळ ई-मेलमध्ये जशीच्या तशी जात नाही. आरएफसी २०४७ या नियमानुसार तिचे रोमन अक्षरांत सांकेतिक रूपांतर होते. मूळ फाइलमध्ये ‘करार’ हा शब्द शोधू गेल्यास तो मिळणार नाही. आधी उलगडा करून मगच सूची केली पाहिजे. उलगड्यानंतरही ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतील चंद्रकोरीच्या आकाराचा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा त्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र अक्षराने व एकदा साध्या र-ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राला ते दोन भिन्न शब्द वाटतात. सूची करताना दोहोंचे एकच रूप करून घेणे अगत्याचे आहे. त्यापुढचा प्रश्न सामान्यरूपाचा. ‘मसुदा’ हा शब्द दिला असता ‘मसुद्यात’ व ‘मसुद्याची’ ही रूपे मिळत नाहीत, कारण शेवटचे अक्षरच बदललेले असते. शोध घेणाऱ्याने ‘मसुद’ एवढाच भाग द्यावा, हा तूर्त व्यवहार्य मार्ग होय. जोडपत्रांत शिवाजी किंवा श्रीलिपी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर असेल तर तो यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून त्याची निराळी सूची करता येते, पण मूळ फाइल मात्र तशीच ठेवली पाहिजे.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने पाहता माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचे कलम ७ असे सांगते की, जतन करावयाची विद्युत्-नोंद मूळ रूपात अथवा मूळ मजकूर अचूक दर्शविता येईल अशा रूपात असावी, ती पुढे पाहता यावी, आणि तिचा उगम, गंतव्य व पाठविल्याची किंवा मिळाल्याची तारीख-वेळ ओळखता येईल असा तपशील तिच्यात असावा. उगम व गंतव्य हे शब्द आले की पाकिटाचा प्रश्न पुन्हा येतोच. किती वर्षे ठेवावयाचे हे कागदाच्या प्रकारावर अवलंबून आहे. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके व संबंधित पावत्या आठ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात, आणि पुष्कळ पावत्या आज ई-मेलनेच येतात.

न्यायालयात अशी नोंद कशी सादर करावयाची, याचा खल महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले होते की नाही, हा वाद निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्याच्या चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश किशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मेल सर्व्हर उचलून न्यायालयात नेता येत नाही. तेव्हा प्रमाणपत्र हाच मार्ग. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याने घेतली असून त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. दोहोंतही हॅश व तो काढण्याची रीत लिहावी लागते. पत्र दफ्तरात शिरले त्याच दिवशी ठसा काढलेला असेल, तर वादाच्या वेळी काढलेला ठसा त्याच्याशी ताडून दाखविता येतो. तो त्या वेळी काढलेलाच नसेल, तर वादाच्या वेळचा ठसा एवढेच सांगतो की, आजपासून पुढे काही बदललेले नाही.

दफ्तर उघडण्याचा अधिकार कोणास असावा, याचा निर्णय मांडणीच्या प्रारंभीच व्हावयास हवा. सर्व पत्रे एका ठिकाणी आली म्हणजे कर्मचाऱ्याच्या आजारपणाची, कर्जाची, घरगुती अडचणीचीही पत्रे तेथे आली. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीस दफ्तर वाचण्याचा अधिकार नसावा, आणि दफ्तर शोधणाऱ्याचा प्रत्येक शोध दफ्तरातच नोंदला जावा. शोध घेताना दोन अधिकाऱ्यांची संमती लागावी. त्यांतील एक अधिकारी तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्या विभागाचा नसावा. झुबुलाके प्रकरणासारख्या वादात दफ्तराचा उपयोग दुर्बळ पक्षाला झाला पाहिजे. ते केवळ वरिष्ठांच्या हातचे हत्यार झाले तर कर्मचारी महत्त्वाचे बोलणे खासगी फोनवर नेतील आणि बारनिशीत जेवणाच्या सुटीची पत्रे तेवढी उरतील. आपल्या पत्रांची प्रत ठेवली जाते, किती काळ व कशासाठी ठेवली जाते, हे प्रत्येकास नेमणुकीच्या वेळीच लेखी सांगितले जावे.

मुदत संपलेली पत्रे काढून टाकणे हाही दफ्तराच्या कामाचाच भाग आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचेही तत्त्व असे की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले व अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसेल, तर ती पुसावी. पुसण्याचे काम ठराविक तारखेस यंत्राने करावे. कोणाच्या सवडीवर किंवा मर्जीवर ते सोपवू नये. मात्र एखादा दावा दाखल झाला अथवा होण्याची चिन्हे दिसली, की त्याच्याशी संबंधित व्यक्तींच्या पत्रांवर स्थगिती लावून ती मुदतीतून वगळावी लागतात, आणि ही स्थगिती कोणी, केव्हा व कोणत्या कारणास्तव लावली हे लिहून ठेवावे लागते. पुसलेल्या प्रत्येक पत्राचा संदेश-क्रमांक, ठसा व पुसल्याची तारीख यांची यादी मागे राहते. पत्र गेले तरी त्याची बारनिशीतील ओळ जात नाही.